डिझेल गाडी तापल्यावर मिसिंग करते आणि बंद पडते: दोष कसा शोधावा?

प्रश्न (धरमपेठ)
नमस्कार. माझी २०१४ सालची, चार सिलेंडरची कॉमन रेल डिझेल गाडी सुमारे सव्वा लाख किलोमीटर चालली आहे. सकाळी ती पहिल्याच सेल्फला सुरू होते आणि व्यवस्थित चालते. मात्र भर दुपारी वर्धा रोडने बुटीबोरीहून परतताना सिग्नलवर थांबताच इंजिन मिसिंग करू लागते (झटके देत चालते), स्टिअरिंग थरथरते आणि कधीकधी गाडी बंदच पडते. मग ती थंड होईपर्यंत कितीही सेल्फ मारला तरी दाद देत नाही. डिझेल फिल्टर नवीन टाकला आहे. एका गॅरेजमध्ये चारही इंजेक्टर (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बदलायला सांगितले, पण काहीही न तपासता एवढा खर्च करणे मला पटत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर (वाडी)
तपासल्याशिवाय इंजेक्टर बदलू नका. थंड असताना ठीक आणि तापल्यावर बंद, ही रेलमधला, म्हणजे सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला, दाब न टिकण्याच्या दोषाची सर्वांत मोठी खूण आहे. डिझेल तापले की पातळ होते आणि झिजलेल्या पंपातून किंवा इंजेक्टरमधून रिटर्न लाइनकडे (जादा डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळीकडे) जास्त निसटते. आयडलिंगला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन सुरू असताना) पंप सर्वांत सावकाश फिरत असल्यामुळे नेमका तेव्हाच रेलमधला दाब टिकत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हा दोष उघडा पडतो, आणि डिसेंबरमध्ये तीच गाडी ठणठणीत वाटू शकते.

मात्र क्रँक सेन्सरही (इंजिनचे फिरणे मोजून संगणकाला कळवणारा भाग) तापल्यावर असाच दगा देतो, म्हणून आधी या दोन शक्यता वेगळ्या कराव्या लागतील. गाडी बंद पडलेली असतानाच स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे आणि दोषाचे कोड दाखवणारे यंत्र) लावून सेल्फ मारावा. इंजिन फिरत असूनही आरपीएम शून्य दिसला, तर संशय सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर जातो. आरपीएम दिसतो पण रेल प्रेशर वर चढत नाही, तर दोष डिझेलच्या बाजूला आहे. बहुतेक गाड्यांत हा दाब साधारण २०० बारच्या आसपास पोहोचेपर्यंत गाडीतला संगणक इंजेक्टर उघडतच नाही. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरचा, तर पी००८७ कमी रेल प्रेशरचा.

उत्तर (हिंगणा)
वरील मताशी मी सहमत आहे, पण पंपाकडे जाण्यापूर्वी फिल्टर ते पंप या नळीत थोडा पारदर्शक पाइप जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहावे. फिल्टर नुकताच बदललेला असल्याने त्याचे सील नीट बसले नसेल किंवा क्लिप ढिली राहिली असेल, तर लाइन हवा ओढते आणि लक्षणे बरीचशी अशीच दिसतात.

त्यानंतर रिटर्नची तपासणी करावी. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून प्रत्येकाला सारख्या मापाची बाटली जोडावी, रिटर्नचे मूळ तोंड बंद करावे, आणि इंजिन तापलेले असताना काही मिनिटे आयडलिंगला ठेवावे. ज्या बाटलीत इतरांपेक्षा खूपच जास्त डिझेल जमते, तो इंजेक्टर आतून झिजलेला आहे. चारही बाटल्या सारख्याच आणि कमी भरल्या, तर पंप किंवा त्यावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात जाणारे डिझेल कमी-जास्त करणारी झडप) तपासावा.

एक विनंती मनापासून करतो: इंजिन सुरू असताना हाय प्रेशर पाइपचा नट ढिला करून सिलेंडर तपासण्याची जुनी पद्धत येथे मुळीच वापरू नये. त्या दाबाची धार कातडी भेदून शरीरात शिरते आणि जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी हात गमावण्याची वेळ येऊ शकते.

प्रश्नकर्ता (धरमपेठ)
आपणा दोघांचे आभार. नळीत बुडबुडे नाहीत. गाडी बंद पडल्यावर स्कॅनरवर आरपीएम दिसत होता, पण रेल प्रेशर १२० बारच्या पुढे गेले नाही. तिसऱ्या इंजेक्टरची बाटली जवळजवळ काठोकाठ भरली, तर बाकीच्या तिघांच्या तळाशी बोटभर डिझेल होते. आता फक्त तिसराच बदलावा का?

उत्तर (वाडी)
होय, पण चारही काढून डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या दुकानात टेस्ट बेंचवर (तपासणी यंत्रावर) तपासून घ्यावेत, म्हणजे उरलेल्या तिघांची अवस्था कळेल. बसवताना तांब्याचे वॉशर नवीनच वापरावेत, आणि इंजेक्टरवर कोरलेला कोड स्कॅनरने संगणकात भरून घ्यावा. आपल्या गाडीला तो लागत असेल आणि भरायचा राहिला, तर इंजेक्टर चांगला असूनही मिसिंग राहू शकते. त्यानंतर भर दुपारी, एसी सुरू ठेवून, आयडलिंगला रेल प्रेशर पुन्हा पाहावे.