पाणी आलं, ‘नाही’ राहिलं

बी-१०२ वहिनी: कुणाला दोष द्यायचा नाही मला. पण पहाटे ४.१० ला सोसायटीच्या ग्रुपवर काकांचं ‘पाणी आलं’ होतं म्हणून मी मोटार लावली. हौद कोरडा होता. जळका वास आल्यावर कळलं. हे दुसऱ्यांदा झालंय.

खजिनदार: वाइंडिंगचे १८०० रु. झालेत. कुठल्या खात्यात टाकायचे ते सांगा.

सी-१०१ अण्णा: पहिल्यांदा दिवाळीत झालतं की ओ. विसरला का सगळे?

सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती, भाषा जपून वापरावी. काका वयाने मोठे आहेत.

बी-१०२ वहिनी: माझ्या भाषेत काय वावगं होतं?

ए-३०१ काका: ताई, चूक माझीच आहे. मी ‘पाणी आलं नाही’ लिहीत होतो. ‘आलं’पर्यंत झालं आणि अंगठा शेजारच्या बाणाला लागला. पूर्ण गेलं असं वाटून फोन उशीखाली ठेवला. काचेवर बोट कुठं पडतंय ते मला आता समजत नाही, डोळ्याचं तुम्हाला माहीतच आहे. इतकी वर्षं टायपिंग क्लास चालवला. एफ आणि जे वरचा उंचवटा बोटाला लागला की बाकीची अक्षरं न बघता सापडायची. म्हणून कळांचा फोन घ्यायचं ठरवलंय. मुलाचा जुना नोकिया ई७१ कपाटात आहे. अजून कुणाकडे तसला काही असेल तर रविवारी दाखवा.

बी-३०३: काका, व्हॉइस मेसेज टाकत जा की. कशाला एवढा व्याप?

बी-१०२ वहिनी: पहाटे चारला पोरं झोपलेली असतात. स्पीकर लावून कोण ऐकणार?

सी-१०१ अण्णा: नोकिया ई६३ घ्या काका. स्पेसची कळ दाबून धरली की टॉर्च लागते. हौदात डोकावायला बरं.

डी-२०३: अण्णा, ई६३ असो नाहीतर ई७१, व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीवर चालत नाही. सिम्बियनवरचं, म्हणजे या फोनच्या जुन्या सिस्टीमवरचं, २०१७ सालीच बंद झालं.

सी-१०१ अण्णा: टॉर्च चालते ना?

बी-३०३: गड्ड्याच्या जत्रेत बघा, मिळतील असले फोन 😄

ए-३०१ काका: ई७१ ला चार्जर लागत नाही. यूएसबीची वायर लावली, रात्रभर काही चार्ज झालं नाही.

डी-२०३: त्याला नोकियाची बारीक पिनच लागते. यूएसबी फक्त डेटासाठी आहे. आणि त्यात जिओचं सिम घालू नका, जिओकडे या जुन्या फोनला लागणारं टू-जी, थ्री-जी नेटवर्क नाहीच. एअरटेलच्या टू-जीवर कॉल आणि एसएमएस होतील.

खजिनदार: १८०० रु. चं काय?

सी-२०२: मोटारीचं निघालंच आहे तर बोलते. टाकी एवढी लवकर का रिकामी होते? चार दिवसांनी पाणी येतं आणि खाली पाइप लावून गाड्या धुतल्या जातात.

सी-१०१ अण्णा: नाव घेऊन बोला.

सी-२०२: ज्यांना समजायचं त्यांना समजलं.

सी-१०१ अण्णा: मी बादलीनं धुतो. वॉचमनला विचारा.

सेक्रेटरी: गाडीचा विषय मीटिंगमध्ये घेऊ. कृपया.

डी-३०१: माझ्याकडे ब्लॅकबेरी कर्व्ह ८५२० पडलाय. २०१० ला घेतला होता. कळा अजून कुरकुरीत आहेत. काका, घेऊन जा, पैसे नकोत.

डी-२०३: दादा, मन मोठं आहे तुमचं. पण ब्लॅकबेरीनं ४ जानेवारी २०२२ ला जुन्या फोनच्या सेवा बंद केल्या. कॉल आणि एसएमएसचासुद्धा भरवसा नाही असं कंपनीनंच जाहीर केलं. पहाटेच्या मेसेजसाठी तो नको.

डी-३०१: बरं. मग राहू दे पोरांना खेळायला.

सी-१०१ अण्णा: ई६३. टॉर्च आहे.

डी-२०३: काका, माझ्याकडे ऑफिसातला ब्लॅकबेरी की२ आहे, २०१८ चा. नाव ब्लॅकबेरी, पण आत अँड्रॉइड ८.१ आहे, त्यामुळे ती सेवा बंद झाल्याचा त्याला फरक पडला नाही. व्हॉट्सअ‍ॅप चालतं. रविवारी ई७१, कर्व्ह आणि हा, तिन्ही हाताळून बघा.

बी-३०३: कळांवर इंग्रजी अक्षरं असणार. मराठीचं काय?

ए-३०१ काका: इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीन. एसएमएस तसेच लिहायचो की आपण सगळे.

*रविवार*

ए-३०१ काका: नातीला सांगून लिहून घेतोय. तिन्ही फोन मांडीवर घेऊन, डोळे मिटून प्रत्येकावर ‘पाणी आलं नाही’ दहा-दहा वेळा लिहिलं.
ई७१ हाताला सगळ्यात आवडला. २००८ चा फोन, पण पाठीला धातू आहे, हातात घट्ट बसतो. प्रत्येक कळ मधे फुगीर आहे. एकीवरून दुसरीवर जाताना बोटाला आपोआप कळतं. दहात एकदाच चुकलो. पण ग्रुपचा मेसेज त्यावरून जाणार नाही, तिथं इलाज नाही.
कर्व्हच्या कळा सुट्या आहेत, मधे फट आहे. तीनदा चुकलो. मधला चौकोन बोटानं चोळला की कर्सर पळतो, तो माझ्याच्यानं आवरत नाही.
की२ च्या कळा सपाट आहेत. चारदा चुकलो. कळांवरून नुसतं बोट घासलं तरी पान सरकतं, त्यानं सुरुवातीला गोंधळलो. पण स्पेसवर अंगठा ठेवला की फोन उघडतो, पासवर्ड शोधावा लागत नाही. आणि कळ पूर्ण दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही. मला हवं होतं ते हेच.
ई७१ ठेवणार आहे, बहिणीला एसएमएस करायला. तिच्याकडे साधाच फोन आहे.

बी-१०२ वहिनी: काका, मी त्या दिवशी जरा जास्तच बोलले. राग नसावा.

ए-३०१ काका: राग कसला. तुमच्या घरात तान्हं बाळ आहे, पाणी नाही म्हटल्यावर जीव वर-खाली होणारच. यापुढे मेसेज गेला की परत उघडून वाचल्याशिवाय फोन खाली ठेवणार नाही.

डी-२०३: काका, एक सांगून ठेवतो. की२ ला अँड्रॉइडची पुढची आवृत्ती कधी आली नाही. त्यामुळे बँकेचं काही त्यावर करू नका. पाण्यापुरताच वापरा. आणि मला पैसे नकोत, माझ्या बहिणीला तुम्हीच टायपिंग शिकवलंय.

खजिनदार: १८०० रु.?

ए-३०१ काका: खजिनदार साहेब, संध्याकाळी घरी या. देतो.

सी-२०२: अजिबात नाही. सोसायटीच्या खर्चात टाका. काका चार वर्षं पहाटे उठून सगळ्यांसाठी पाणी बघतायत, त्याचे कुणी किती दिले?

सी-१०१ अण्णा: हे मात्र बरोबर आहे ताईंचं.

सेक्रेटरी: मंजूर. देखभाल खात्यात टाकावे.

*गुरुवार, पहाटे ४.३२*

बी-१०२ वहिनी: काका, मेसेज मिळाला. या वेळी ‘नाही’ आलंय. मोटार लावली नाही.