मदत हवी आहे: स्टेरॉइड सुरू झाल्यापासून कानातली शिट्टी वाढली, गोळ्या बंद कराव्यात का?

सुरंगी

थोरल्या भावोजींसाठी विचारते आहे. वय ५२, वजन ६४ किलो, मधुमेह आहे (मेटफॉर्मिन चालू), रक्तदाब नाही. राहणे डिचोलीला. दहा दिवसांपूर्वी सकाळी उठले तेव्हा डाव्या कानाला दडा बसलेला आणि आत एकसारखी शिट्टी. मळ असेल समजून तेल घातले, त्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ईएनटी डॉक्टरांनी ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढला. डावा कान ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ५५ ते ६५ डेसिबल, उजवा २० च्या आत (आकडा जास्त तितके ऐकणे कमी). नसेचा अचानक आलेला बहिरेपणा, असे निदान. प्रेडनिसोलोन ६० मि.ग्रॅ. रोज, दहा दिवस, मग दर दोन दिवसांनी १० मि.ग्रॅ. कमी करायचे.

आज गोळ्यांचा सातवा दिवस. २० च्या तीन गोळ्या ते सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक अशा घेतात. फोनवरचे बोलणे डाव्या कानाने थोडे कळू लागले आहे, पण रात्री शिट्टी आधीपेक्षा मोठी वाटते. झोप जेमतेम तीन तास. काल जेवणानंतरची साखर २८०. स्टेरॉइडने शिट्टी वाढते का? बंद केले तर चालेल का? कानात इंजेक्शन देतात म्हणे, ते केव्हा?

मांडवीकाठ

ताई, आज गोळ्या बंद करू नका, आणि उद्यापासून दुपारची-रात्रीची गोळी वेगळी घेऊ नका. म्हणजे डोस तोच ठेवायचा, पण तिन्ही गोळ्या सकाळी आठच्या सुमारास नाश्ता झाल्यावर एकदम घ्यायच्या. डॉक्टरांना फोन करून हा बदल कानावर घाला. तेही बहुधा हेच सांगतील. आपले शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल (अंगातले नैसर्गिक स्टेरॉइड) पहाटे सर्वांत जास्त बनवते आणि रात्री सर्वांत कमी. रात्री नऊला गोळी पोटात गेली की मेंदूला ती पहाटच वाटते. झोप उडते, छाती धडधडते, डोके भिरभिरत राहते. घर निजलेले, पंख्याशिवाय आवाज नाही, आणि माणूस टक्क जागा. अशा वेळी शिट्टी दुप्पट ऐकू येते. ती वाढलेली नसून तिला झाकणारे दुसरे काही उरलेले नसते, हे भावोजींना नीट समजावून सांगा. भीती गेली तरी अर्धा त्रास उतरतो.

आता मुळाचे. हे औषध शिट्टीवरचे नाही. ते आतल्या कानाच्या सुजेवर आणि तिथल्या द्रवातील सोडियम-पोटॅशियमचा समतोल सांभाळणाऱ्या पेशींवर काम करते. ऐकू येणे परत यावे म्हणून ते दिलेले आहे. कानाकडून येणारा संदेश कमी पडला की मेंदू आपली आवाजाची कळ वर चढवतो आणि त्यातून शिट्टी ऐकू येते. म्हणून क्रम असा असतो: आधी ऐकणे सुधारते, शिट्टी मागाहून उतरते, कधी कित्येक आठवड्यांनी. फोनवरचे बोलणे कळू लागले, ही तुमच्या सगळ्या मजकुरातली सर्वांत चांगली बातमी आहे. औषधाचा हिशेब शिट्टीवर करू नका, ऑडिओग्रामवर करा.

तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींना ३० डेसिबल किंवा अधिक घट, ही या आजाराची व्याख्या. तोंडाने घ्यायचे स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावे लागते. तेलात चार दिवस गेले तरी तुम्ही वेळेत आहात. मात्र आता मध्येच थांबलात तर ही वेळ परत मिळणार नाही. सात दिवसांनी गोळी सोडल्याने अंगाला लगेच मोठा धोका होतो असे नाही. स्वतःचे कॉर्टिसॉल दबण्याची भीती साधारण तीन आठवड्यांपुढे असते. धोका कानाला आहे.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. औषधाशिवायही या आजारात एक तृतीयांश ते दोन तृतीयांश लोकांचे ऐकणे काही प्रमाणात परत येते, आणि स्टेरॉइडचा फायदा किती यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. तरी ते देतात, कारण पुढे पश्चात्ताप करायला वेळ उरत नाही. जास्त डोस म्हणजे जास्त फायदा, असेही नाही. जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत शिरेतून २५० मि.ग्रॅ. देऊन पाहिले, ६० पेक्षा ते सरस ठरले नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. कोणी ‘मोठा डोस’ सुचवला तर हे लक्षात असू द्या.

तिठ्यावरची फार्मसी

साखरेवर लिहितो, कारण ती आज रात्रीच पाहण्याची बाब आहे. सकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन साखर दुपारनंतर चढवते. उपाशीपोटीची साखर जवळजवळ नेहमीसारखी दिसते आणि माणूस फसतो. तेव्हा दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी, अशी दोनदा तपासा आणि वहीत लिहा. २८० आकडा मधुमेहाच्या डॉक्टरांना आजच कळवा. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा काळ निभत नाही, तात्पुरते औषध किंवा इन्सुलिन लागू शकते. सतत ३०० च्या वर, खूप तहान, उलट्या, गुंगी असे काही दिसले तर थेट इस्पितळ.

यातली सर्वांत मोठी चूक पुढे होते. डोस ६० वरून ४०, २० असा उतरू लागला की वाढवलेले साखरेचे औषधही त्याच चालीने उतरवावे लागते. ते तसेच राहिले तर दुपारी साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. डोस उतरण्याच्या पहिल्याच दिवशी हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

जेवणात उकड्या तांदळाची पेज वाडगाभरच, सोबत डाळ, अंडे किंवा ताजी मासळी. सुकी मासळी, लोणचे, पापड हे वीस दिवस बाजूला. स्टेरॉइड अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवते. पोटासाठी आम्लाची गोळी दिली नसेल तर विचारा. डोके किंवा गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका. स्टेरॉइडबरोबर त्याने पोटात व्रण होतो, आणि या गोळ्या स्वतःही कानात आवाज आणू शकतात. पॅरासिटामॉल चालेल. शौच डांबरासारखे काळे झाले तर वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठा.

आणि हे जरूर तपासा: फार्मसीत ‘तेच औषध’ म्हणून दुसरे स्टेरॉइड दिलेले नाही ना? प्रेडनिसोलोन ५ मि.ग्रॅ. म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन ४, डिफ्लॅझाकॉर्ट ६, डेक्सामेथासोन ०.७५. भावोजींचे ६० म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोनचे ४८. पाकिटावर मेड्रॉल १६ (मिथाइलप्रेडनिसोलोन) असेल आणि रोज एकच घेतली जात असेल, तर तो डोस प्रेडनिसोलोन २० एवढाच होतो. अशा अपुऱ्या डोसाने गुण येत नाही आणि दोष औषधाला जातो.

सुरंगी

पाकीट पाहिले, वायसोलोन २० म्हणजे प्रेडनिसोलोनच आहे, तीन गोळ्या. मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन केला, उद्या सकाळी बोलावले आहे. कानातल्या इंजेक्शनबद्दल कोणी सांगेल का? साखर आवरली नाही तर तोच मार्ग का?

मांडवीकाठ

हो, मधुमेह असलेल्यांसाठी तो खरोखर चांगला मार्ग आहे. २०११ साली अमेरिकेत २५० रुग्णांवर तुलना झाली. एका गटाला रोज ६० मि.ग्रॅ. प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनचाच जवळचा भाऊ), दुसऱ्याला दोन आठवड्यांत कानात मिथाइलप्रेडनिसोलोनची चार इंजेक्शने. ऐकणे परत येण्यात इंजेक्शने कमी पडली नाहीत. रक्तात औषध नगण्य जाते, त्यामुळे साखरेला धक्का कमी.

भावोजींच्या बाबतीत असे करता येईल. आजार सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी, म्हणजे अजून तीन दिवसांनी, ऑडिओग्राम पुन्हा काढून घ्या, शक्यतो त्याच यंत्रावर. सुधारणा अर्धवट असेल तर दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात इंजेक्शन द्यायचे असते. डॉक्टरांना हे स्वतःहून विचारा, वाट पाहत बसू नका. सोय बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) ईएनटी विभागात विचारता येईल. जाताना दोन्ही ऑडिओग्राम, साखरेची वही आणि गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या.

पडदा बधिर करून बारीक सुईने मधल्या कानात ०.४ ते ०.८ मि.लि. औषध सोडतात. औषध अंगाच्या तापमानाला आणलेले हवे. गार गेले तर खोली गरगर फिरते. मग तो कान वर करून १५ ते ३० मिनिटे पडून राहायचे आणि शक्य तो गिळायचे नाही, बोलायचे नाही. गिळले की घशाकडची नळी उघडते आणि औषध आतल्या कानाच्या खिडकीपाशी थांबण्याऐवजी घशात उतरते. तोंड कडू झाले तर समजा औषध निसटले. लाळ पुसायला रुमाल हाताशी ठेवा, एवढी साधी गोष्टही उपयोगी पडते. नंतर कान कोरडा. पावसात स्कूटरवरून परतायचे नाही, न्हाताना व्हॅसलीन लावलेला कापूस. क्वचित पडद्याचे भोक बुजायला वेळ लागतो.

तेल मात्र आता अजिबात नको. पडदा शाबूत असताना कुठलेही थेंब, अगदी स्टेरॉइडचेसुद्धा, आतल्या कानापर्यंत पोचत नाहीत. आणि आपल्याकडच्या दमट हवेत कानात बुरशी सहज धरते, तिच्यावर स्टेरॉइडचे थेंब म्हणजे बुरशीला खत.

पेडण्याचा वाटसरू

याच धाग्यात विचारतो. दोन्ही कानांत तीन वर्षांपासून शिट्टी, यंत्राच्या आवाजात काम. स्टेरॉइडचा कोर्स घेऊन पाहावा का? शिवाय नाकात मोमेटासोनचा फवारा (तेही स्टेरॉइडच) चालू आहे, त्याने आवाज वाढतो का?

मांडवीकाठ

तीन वर्षांच्या शिट्टीवर स्टेरॉइड नको, ना गोळी ना इंजेक्शन. २०१४ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत सहा महिन्यांहून जुन्या, त्रासदायक कर्णनादासाठी कानातली इंजेक्शने, गिंको, झिंक, मेलाटोनिन हे सारे नेहमीच्या उपचारातून वगळले आहे. त्याऐवजी ऑडिओग्राम, ऐकणे कमी असेल तर श्रवणयंत्र, आणि बोधात्मक वर्तन उपचार (सीबीटी, म्हणजे शिट्टीबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारे समुपदेशन). श्रवणयंत्राने बाहेरचा आवाज पुरेसा पोचला की मेंदूची ती वर चढलेली कळ खाली येते. यंत्रापाशी इअरमफ वापरणे आजपासून. फवाऱ्याचे रक्तात फार थोडे जाते; शिट्टीला तो सहसा कारण नसतो.

आवाजाच्या माऱ्यानंतरची पहिली शिट्टी मात्र वेगळी. दिवाळीच्या आदल्या नरकासुराच्या रात्री भोंग्यांपुढे उभे राहिल्यावर कान दडपलेला आणि शिट्टी दुसऱ्या दिवशीही तशीच असेल, तर दिवाळी संपायची वाट न पाहता ऑडिओग्राम काढावा. तिथे स्टेरॉइडचा विचार होतो, पण दिवसांच्या हिशेबाने.

तिठ्यावरची फार्मसी

सुरंगीताई, घरी एक पाहा. भावोजींना तोंड मिटून ‘हं...’ असा सूर धरायला सांगा. तो बंद पडलेल्या कानात मोठा ऐकू आला तर मळ किंवा पाणी. चांगल्या कानात मोठा आला तर नस. चार दिवस तेलात जाणार नाहीत, पुढे घरात कोणाला झाले तर.

सुरंगी

करून पाहिले, उजव्या कानातच मोठा येतो. शेवटचे विचारते, एमआरआय सांगितला आहे. ऐकणे सुधारत असेल तर टाळता येईल का?

मांडवीकाठ

टाळू नका. ऐकण्याच्या नसेवरची साधी गाठ असली तरी स्टेरॉइडने काही काळ ऐकणे सुधारते, म्हणून सुधारणेवरून गाठ नाही असे ठरत नाही. घाई नाही, गोळ्या संपल्यावर केला तरी चालेल. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी तपासा, शिरेतून औषध देऊन काढायचा असतो. ऑडिओग्राम कोर्स संपल्यावर आणि सहा महिन्यांनी पुन्हा.

चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, हातापायात बळ नसणे, यातले काहीही दिसले तर ईएनटीची वेळ घेत बसू नका, १०८ ला फोन करून बांबोळी गाठा. स्टेरॉइडवर माणूस दोन-तीन रात्री मुळीच झोपला नाही, खूप बडबडू लागला किंवा निराशेचे बोलू लागला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. आज रात्री पंख्याबरोबर रेडिओ अगदी हळू लावून ठेवा, शिट्टीपेक्षा किंचित खालच्या आवाजात. उद्या सकाळी तिन्ही गोळ्या एकदम घेतल्यावर परवाची झोप कशी झाली ते इथे लिहा.