अंजन-सागाच्या रोपांवरची सावली कमी करावी का? मदत हवी आहे

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. मागच्या उन्हाळ्यातल्या वादळात जुनी झाडं मुळासकट आडवी झाली आणि पावसाळ्यात त्या मोकळ्या जागांत अंजन-सागाची रोपं आपोआप उगवली. ती जगलीच पाहिजेत असं मनापासून वाटतं.

जिथे एकच झाड पडलं, तिथे अंजनाची रोपं दाट आहेत, पण काडीसारखी बारीक. दोन पेरांतलं अंतर लांब, जोडपानं फिकट. साग तर वीतभरही वर आला नाही. चार-पाच झाडं एकत्र पडली तिथे सागाची पानं चांगली रुंद आहेत, पण गवत कमरेएवढं वाढलंय आणि कडेने घाणेरीची रानटी झुडपं घुसतायत. गवत बाजूला सारल्याशिवाय अंजन दिसत नाही.

जाणती मंडळी म्हणतात, लहान जागेच्या कडेच्या फांद्या छाटा. मला धास्ती ही की मग तिथेही गवत माजेल आणि वणवा लागला की सगळंच जाईल. काय करावं? आणि ऊन मोबाइलवर मोजता येतं का?

उत्तर:
सरसकट छाटू नका. सागाला भरपूर ऊन लागतंच. सावलीत त्याचा शेंडा उन्हाळ्यात वाळतो, पण मूळ जिवंत राहून पावसाळ्यात पुन्हा फुटतं. अंजन आधी मूळ खोल नेतं, त्यामुळे वरची उंची बघून निराश होऊ नका. जागा किती मोठी यापेक्षा ती भोवतालच्या झाडांच्या उंचीच्या मानाने किती रुंद, हे महत्त्वाचं. आपल्याकडे जून-जुलैत दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून तेव्हा सर्वाधिक ऊन मधोमध पडतं. सागासाठी मधल्या रोपांवरच्याच फांद्या काढा. कडेला भोवतालच्या झाडांची मुळंही पाणी ओढतात, तिथे नुसत्या उजेडाने भागत नाही.

मोबाइलवर लक्स (डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचं माप) मोजता येईल, पण एकाच फोनने, सारख्या ढगाळ आभाळाखाली, आधी उघड्यावर आणि लगेच रोपाजवळ. दोन्हींचं प्रमाण काढा. पानांतून गाळून आलेल्या उजेडात हिरवा भाग जास्त उरतो आणि लक्स हिरव्यालाच जास्त मोजतं. म्हणजे रोपाला जाणवणारी सावली आकड्यापेक्षा दाट असते.

मोठ्या जागेत आधी घाणेरी मुळासकट काढा, मग गवत.

मूळ विचारणा करणारा:
मनापासून आभार. गवत कापून ज्याने त्याने घरी न्यावं असं ग्रामसभेत मांडतो, म्हणजे गुरं आत सोडावी लागणार नाहीत. पण कापताना लहान अंजन विळ्याखाली जाऊ नये म्हणून तुम्ही रोपांना खूण कशी करता?