मदत हवी आहे: स्फिंक्सच्या दस्तऐवजातील सोर्सचा दुवा भलत्याच फाइलवर जातो

नमस्कार. दारव्हा तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी कापूस खरेदीची काटापट्टी काढणारा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिला असून त्याचे दस्तऐवज स्फिंक्स या साधनाने कोडमधून तयार होतात. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीप्रमाणे आम्हीही 8 टक्के ओलावा आधार धरून 12 टक्क्यांपर्यंत भावात कपात करतो. ही कपात नेमकी कोणत्या ओळीत होते, ते दस्तऐवजातूनच उघडून पाहता यावे, अशी संचालक मंडळाची अपेक्षा आहे. ती रास्तच आहे, कारण भावाच्या बाबतीत तोंडी खुलाशावर आमच्याकडे कोणाचेही समाधान होत नाही.

त्यासाठी दस्तऐवजातून कोडकडे दुवा देणारे लिंककोड हे स्फिंक्सचे एक्स्टेंशन घेतले आणि पायथॉनच्या इन्स्पेक्ट मॉड्यूलने फाइलचे नाव व ओळ क्रमांक काढून आमचा कोड जेथे ठेवला आहे त्या गिटहबचा पत्ता जुळवला. साध्या फंक्शनांचे दुवे बरोबर उघडतात. परंतु ज्यांवर व्यवहाराची नोंद ठेवणारा डेकोरेटर (फंक्शनभोवतीचे आवरण) आहे, त्यांचा दुवा डेकोरेटरच्या फाइलवर जातो आणि ओळ क्रमांक मात्र मूळ फंक्शनचाच राहतो. ती फाइल इतकी लहान आहे की त्या क्रमांकाची ओळच तिच्यात नाही. लेखापरीक्षणासाठी नोंद लागत असल्याने डेकोरेटर काढता येणार नाही.

शिवाय संकलन केंद्रावर इंटरनेटचा भरवसा नसतो. तेथे काय करावे?

उत्तर:

ओळ क्रमांक मूळ फंक्शनचा येतो, याचा अर्थ आपल्या डेकोरेटरमध्ये फंक्टूल्सचे रॅप्स (आवरणावर मूळ फंक्शनची खूण ठेवणारे साधन) आहे. इन्स्पेक्टमधील ओळी शोधणारे गेटसोर्सलाइन्स वरचे आवरण सोडवून मूळ फंक्शनपर्यंत पोहोचते, फाइल शोधणारे गेटसोर्सफाइल तसे करत नाही. घोळ तेवढाच आहे. दोन्हींना विचारण्यापूर्वी ऑब्जेक्ट इन्स्पेक्टच्याच अनरॅपमधून काढून घ्यावा. नमपाय या पायथॉन लायब्ररीच्या कॉन्फ फाइलमध्येही (स्फिंक्सच्या सेटिंगची फाइल) हाच उपाय आहे. पत्त्यात मेन शाखेचे नाव असेल, तर त्याऐवजी कमिटचा हॅश (कोडच्या त्या ठरावीक नोंदीचा ओळखक्रमांक) घालावा. नाहीतर कोडमध्ये वरच्या बाजूला चार ओळी वाढल्या की कपातीचा दुवा दुसऱ्याच हिशेबावर उघडेल, आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

केंद्रासाठी स्फिंक्सचेच व्ह्यूकोड हे एक्स्टेंशन वापरावे. ते सोर्सची पाने दस्तऐवजातच तयार करते, त्यामुळे सगळे फोल्डर पेनड्राइव्हवरून नेता येते. दोन्ही एक्स्टेंशने एकत्र ठेवल्यास प्रत्येक फंक्शनपुढे दोन दुवे उमटतात, म्हणून कॉन्फमध्ये टॅग (बिल्ड करताना दिलेली खूण) तपासून एका वेळी एकच सुरू करावे आणि केंद्राची प्रत काढताना तो टॅग बिल्डच्या आज्ञेतून द्यावा.