विषय: अँबेसेडरचा काटा ‘ई’वरून हलेना

मंडळी,
सुट्टीवर नागपूरला आलोय. बाबांची मार्क फोर अँबेसेडर बाहेर काढली, तर पेट्रोलचा काटा ‘ई’वर पडलेला. बाबा म्हणाले, “काट्याकडे काय पाहून राहिला? चालून राहिली ना गाडी!” चालली, व्हरायटी चौकापर्यंत. ऐन सिग्नलवर बंद पडली. मागच्यांनी हॉर्न वाजवून जो उद्धार केला, तो इथे लिहीत नाही. पेट्रोल टाकलं, तरी काटा ‘ई’वरच. आता मेकॅनिक म्हणतो, मीटरच बदला. बदलू?
– धरमपेठचा

उत्तर:
थांब जरा. बाकीचे काटे चालतात का? तेही मेले असतील तर फ्यूज बघ, डॅशमागचं कनेक्शन बघ. माझ्या एमजीबीत (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) मीटरांना ठरावीक व्होल्टेज देणारा दहा व्होल्टचा स्टॅबिलायझर गेला होता, आणि मी वेड्यासारखी टाकी उतरवली.

एकटा पेट्रोलचाच काटा मेला असेल तर टाकीकडे जा. किल्ली बंद ठेव, सेंडरची (टाकीतलं पेट्रोल मोजून काट्याला कळवणारा भाग) वायर काढून बॉडीच्या उघड्या लोखंडाला घट्ट बांध. मग बाबांना किल्ली फिरवायला सांग. काटा ‘एफ’कडे चढला तर मीटर आणि वायर दोन्ही ठणठणीत; लगेच बंद कर. (फार जुन्या मीटरांत हे उलटं असतं: वायर सुटली की काटा ‘एफ’च्याही पुढे पळतो.) टाकीजवळ ठिणगी नको, आणि बिडीवाला मेकॅनिक तर अजिबात नको.

मग राहिला सेंडर. त्याचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, बाहेर काढून कानाशी हलव. खळखळ वाजला तर आत पेट्रोल शिरलंय, तो बुडूनच राहणार. पण त्याआधी अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीत परत जायची वाट, तपास. सेंडरचं अर्थिंग टाकीच्या पत्र्यातूनच जातं. टाकीला हल्ली कोणी हात लावला होता का?
– व्हीआरसीई इंजिनिअरिंग कॉलेजची जुनी पोरगी

उत्तर:
ताई, काटा सावकाश ‘एफ’ला गेला! बाबांना विचारलं, तर म्हणे दिवाळीआधी डेंटरकडून टाकी रंगवून घेतली. त्या भल्या माणसाने सेंडरच्या स्क्रूंसकट, बसायच्या जागेसकट काळा रंग फासला होता. पॉलिश पेपरने चार ठिकाणी घासलं, टाकीपासून चेसिसपर्यंत एक अर्थिंगची वायर ओढली. काटा पाव टाकीवर येऊन थांबला. खर्च वायरीपुरता.

बाबा खूश आहेत. रिकामा कॅन मात्र डिकीतून काढू देत नाहीत.
– धरमपेठचा