अनोळखी माणसाला संकोचाची गोष्ट सांगावी का, आणि सांगायची तर कोणत्या शब्दांत?

नमस्कार. मी गेली 24 वर्षे डोंबिवलीहून मुंबईला लोकलने नोकरीसाठी ये-जा करतो. माझा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल, परंतु गेल्या दोन महिन्यांत त्याने मला इतके अस्वस्थ केले आहे की तो सविस्तर मांडून आपणा सर्वांचा सल्ला घ्यावा, असे ठरवले.

जूनमधल्या एका सकाळी जलद गाडीत ठाण्याला बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण चढला आणि गर्दीच्या रेट्याने दोन बाकड्यांच्या मध्ये, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. हातात प्लॅस्टिकची फाइल, इस्त्रीचा शर्ट, नवे बूट. ओठ पुटपुटत होते, म्हणजे मुलाखतीची उत्तरे घोकणे चालले असावे. मी चौथ्या सीटवर कसाबसा टेकलेलो असल्यामुळे त्याच्या नव्या कोऱ्या पँटवर, मांडीपासून खाली गेलेली मापाची पारदर्शक पट्टी थेट माझ्या डोळ्यांसमोर होती. 34, 34, 34 असे आकडे एकाखाली एक. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनीही ती पाहिली, माझ्याकडे पाहून ते किंचित हसले, आणि सांगण्यास लाज वाटते, पण मीही हसलो. ठाणे ते दादर हा सुमारे अर्ध्या तासाचा प्रवास मी "आता सांगतो, मुलुंड गेल्यावर सांगतो, जरा गर्दी हलली की सांगतो" असे मनाशी म्हणत काढला. दादरला तो मुलगा पट्टीसकट उतरून गेला.

मी मुळात भिडस्त नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. पुढे जाणाऱ्या दुचाकीचा स्टँड खाली राहिलेला दिसला, तर भर चौकात "स्टँड, स्टँड!" असे ओरडण्यास मी कधी कचरलेलो नाही, आणि "ताई, ओढणी सांभाळा, चाकात जाईल" हे वाक्य तर आपल्याकडे कोणीही कोणालाही म्हणतो व समोरची व्यक्तीही मान हलवून आभार मानते. (दिवसा हेडलाइट चालू दिसला की मूठ उघडझाप करून खूण करण्याची सवय माझ्या पिढीला आहे, एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांचे दिवे आपोआप चालूच राहतात, हे मुलाने सांगेपर्यंत मी कित्येकांना उगाचच खुणा केल्या आणि त्यांनीही त्या निमूटपणे सहन केल्या.) अपघाताची भीती असली की शब्द आपोआप बाहेर पडतात. धोका केवळ लाजेचा असला, की जीभ टाळ्याला चिकटते. शाळेत आम्ही एकमेकांना "पोस्ट ऑफिस उघडे आहे" एवढेच म्हणायचो आणि काम भागायचे. चाळिशीतल्या अनोळखी गृहस्थांना ते कसे म्हणावे?

या संकोचाला एक जुना अनुभवही कारणीभूत असावा. काही वर्षांपूर्वी दादरच्या पुलावर माझ्यापुढे चालणाऱ्या एका गृहस्थांच्या पाठीवरच्या बॅगेची चेन पूर्ण उघडी होती व आतला डबा बाहेर डोकावत होता. मी त्यांच्या खांद्याला हलकेच हात लावून ते सांगितले. त्यांनी गर्रकन वळून आधी पाकीट चाचपले, मग मोबाइल चाचपला आणि त्यानंतर माझ्याकडे असे पाहिले की मी न केलेली चोरी कबूल करण्याच्या बेतात होतो. त्यांचेही चुकले असे म्हणता येत नाही, कारण गर्दीत खांद्याला लागलेल्या अनोळखी हाताचा अनुभव मुंबईकराला फारसा चांगला नसतो. मात्र तेव्हापासून मी कोणालाही हात लावत नाही, आणि गाडीच्या गोंगाटात हात न लावता बोलायचे तर आवाज चढवावा लागतो, म्हणजे ज्या चारचौघांपासून ती गोष्ट लपवायची त्या चारचौघांना आपणच ती ऐकवतो.

मोबाइलवर मोठ्याने गाणी लावणाऱ्यांना टोकावे की नाही, हा माझा प्रश्न नाही. तेथे त्रास आपल्याला होत असतो आणि शिवाय नियमाचा आधार घेता येतो. बेस्टने एप्रिल 2023 मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइल ऐकण्यास मनाई केल्यापासून मी बसमध्ये शांतपणे "नियम आहे हो" एवढेच म्हणतो. येथे मात्र चूक कोणाचीच नसते, नियम कोणताच नसतो, आणि मी गप्प बसलो तर माझे काहीच बिघडत नाही.

ज्या प्रसंगामुळे हे लिहिण्यास बसलो, तो गेल्या आठवड्यातला आहे. स्टेशनच्या पुलावर माझ्यापुढे चालणाऱ्या एका कॉलेजवयीन मुलीच्या फिकट रंगाच्या कुर्त्यावर मागे डाग पडलेला होता. पाळीचा डाग आहे हे स्पष्ट होते. मी पन्नाशी उलटलेला पुरुष. मी काय बोलणार? शेजारून चाललेल्या एका बाईंना मी हळू आवाजात म्हणालो, "ताई, पुढच्या मुलीला जरा सांगता का?" त्यांनी लगेच पुढे होऊन तिच्या कानाशी काही सांगितले, तिने पाठीवरची सॅक खाली ओढली, आणि मग तिने मागे वळून पाहिले. तिची नजर त्या बाईंवरून सरकत माझ्यावर आली. मी दुसरीकडे पाहू लागलो.

घरी यावर दोन तट पडले. पत्नीचे म्हणणे असे की मी थेट सांगितले असते तर ही गोष्ट दोघांत राहिली असती, ती मी तिघांत केली, आणि "भीड ही भिकेची बहीण" हे ऐकत मोठे होऊनही मी दुसऱ्याला पुढे केले. मुलगी म्हणते, "बाबा, पुलावर अनोळखी पुरुष जवळ येऊन बोलू लागला तर मी आधी घाबरेन, डागाचे नंतर ऐकेन." मला दोघींचेही पटते, आणि अडचण तीच आहे.

समोरच्याला दोन मिनिटांत दुरुस्त करता येण्यासारखे असेल तरच सांगावे, असा एक नियम मी करून पाहिला. तो पँटवरच्या पट्टीला आणि उघड्या चेनला लागू पडतो. परंतु एका सहप्रवाशाच्या पँटची मागची शिवण उसवलेली दिसली, तेव्हा "आता त्याला गाडीत सुई-दोरा कोण देणार" असा विचार करून मी गप्प राहिलो. उतरताना लक्षात आले की कळले असते तर त्याने हातातली बॅग पुढे धरण्याऐवजी मागे धरली असती.

म्हणून आपणास विचारतो. गर्दीत, स्पर्श न करता आणि इतरांना ऐकू न जाता सांगण्याची एखादी रीत आपण वापरता का? मोबाइलवर टाइप करून पडदा समोर धरावा असे मला सुचले आहे, पण ते अधिक संशयास्पद दिसेल का? आणि महिला सदस्यांनी विशेष करून सांगावे: पुलावरच्या त्या मुलीच्या जागी आपण असतात, तर मी स्वतः बोलणे, त्या ताईंना पुढे करणे, की काहीच न बोलता बाजूने निघून जाणे, यांपैकी काय आपल्याला कमी खटकले असते?