मदत हवी आहे: जेटमध्ये २७० हर्ट्झचा सुळका, जातच नाही

झोतकरी: सोमवारी गाईडसमोर रिव्ह्यू आहे, लवकर सांगा प्लीज. गोल नॉझलच्या हवेच्या जेटमध्ये (झोतात) दाबाचे चढउतार मोजतोय. स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारतेला किती जोर, तो आलेख) २७० हर्ट्झला भलामोठा सुळका येतो. फिल्टर लावून उडवला तर चालेल ना?

खानदेशी_फिटर: व्यास? वेग? प्रोब कुठे? फोनवर डॉक्टरला 'दुखतंय, गोळी सांगा' म्हणण्यातला प्रकार हा.

झोतकरी: २० मिमी, २० मी/से. मध्यरेषेवर, तोंडापासून ४ व्यासांवर.

रसिका_प: उडवू नकोस! जेटमधल्या भोवऱ्यांचा स्ट्रौहल अंक, म्हणजे वारंवारता गुणिले व्यास भागिले वेग, ०.३ च्या आसपास असतो. तुझ्या आकड्यांनी ३०० हर्ट्झ होतात. हाच तुझा रिझल्ट.

जुनाजाणता: सरळ हॉटवायर लावा, तापलेल्या तारेचा प्रोब. ५ मायक्रॉनची टंगस्टन तार. आमच्या वेळी शिंक आली तरी तुटायची, मग दिवसभर मायक्रोस्कोपखाली डोळे फोडत वेल्डिंग.

खानदेशी_फिटर: काका, त्याला दाब हवाय, तार वेग मोजते. आणि कडेला प्रवाह उलटा फिरला तरी तिला पत्ता नसतो.

जुनाजाणता: कडेला कोण मोजतंय? मध्यरेषा म्हणाला ना तो!

रसिका_प: ते जाऊ द्या. झोतकरी, वेग बदलून पाहिलास?

झोतकरी: हो, ३० केला. तरी २७०च. हे सांगायचं राहिलं वाटतं.

रसिका_प: वाटतं?? भोवरे असते तर ४०० च्या वर सरकला असता. माझे शब्द मागे.

खानदेशी_फिटर: प्रोबपासून सेन्सरपर्यंत नळी केवढी?

झोतकरी: ३० सेमी. साधी सिलिकॉनची आहे, तिचा काय संबंध?

खानदेशी_फिटर: एका टोकाला बंद नळी. ध्वनीचा वेग ३४३ भागिले नळीच्या लांबीची चौपट १.२, म्हणजे २८६ हर्ट्झ. सेन्सरच्या पोकळीमुळे आणखी थोडा खाली. बासरी वाजतेय तुझी! फिल्टरनं सुळका जाईल, पण आजूबाजूचे आकडे नळीनं फुगवलेलेच राहतील. १० सेमीची लावून बघ.

सांगलीकर७७: एमटेकला थर्मल घ्यावं की फ्लुइड? नोकरी कशात आहे?

झोतकरी: लावली. सुळका ७३० ला पळाला! पण वेग २० ठेवला की ३२० ला एक बुटका उंचवटा दिसतोय, ३० केला की तो पुढे सरकतो. हा उडवू का?

रसिका_प: हात लावशील तर बघ. तो माझा आहे.